दुकान मोडताना वहीचे काय?

दुकान बंद होते तेव्हा विक्री एका संध्याकाळी थांबते, देणेघेणे मात्र थांबत नाही. गिऱ्हाइकांकडे उधारी अडकलेली असते, घाऊक व्यापाऱ्याचे दुकानदाराकडे येणे असते. या उरलेल्या देण्याघेण्याचे काय करावे, हा प्रश्न वरवर हिशेबाचा आहे. पण धर्मविचाराने तो फार पूर्वीच आपल्याकडे घेतला.

कामशेतसारख्या गावात त्याचे रूप स्पष्ट दिसते. पुणे–लोणावळा लोकलचे स्टेशन, जुना मुंबई–पुणे रस्ता आणि नाणे मावळ व पवन मावळाकडे फुटणाऱ्या वाटा यांमुळे ही आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ. भाताच्या मुलखात किराणा दुकान पावसाळाभर उधारीवर चालते. लावणीच्या दिवसांत चहा-साखर, मीठ-मिरची ‘मांडून ठेवा’ म्हणून नेली जाते आणि भात झोडून विकले की खाते मिटते. लाल कापडी बांधणीची लांबट वही, पहिल्या पानावर ‘श्री’, आत जमा आणि नावे. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा होते आणि जुनीतली बाकी तिच्यात ओढली जाते. कामशेतच्या बोगद्यांतून जाणारा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तेव्हापासून लांबच्या प्रवाशाला या बाजारात उतरण्याचे कारण उरले नाही. वहीतली नावे मात्र प्रवाशांची कधीच नव्हती.

या परिसरातला सर्वांत जुना व्यापारी पुरावा दगडात आहे. कामशेतजवळच्या बेडसे लेण्यात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याचे दान कोरलेले आहे. पलीकडे कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने दाराचे काम करवून दिल्याची नोंद आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही माणसे. धेनुकाकट नेमके कोठे होते यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. म्हणजे दुकान गेले, दुकानाचे गावही गेले. बौद्ध विचाराला यात नवल नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला दाखवून देतो की चाक, आस, जू यांखेरीज रथ म्हणून वेगळी वस्तू सापडत नाही. तोच न्याय लावला तर फळ्या, तराजू, गल्ला आणि गल्ल्यावरचा माणूस यांपलीकडे दुकान सापडणार नाही.

मग जे नव्हतेच त्याचे देणे कोण कोणाला लागतो? बुडव्याला सोयीचा हा निष्कर्ष त्याच ग्रंथात अडवला आहे. आंबे चोरणारा म्हणतो, मालकाने लावले ते आंबे वेगळे आणि मी नेले ते वेगळे. नागसेन ते मान्य करत नाही. नंतरचे आंबे आधीच्यांतूनच आले, म्हणून चोर दोषी. सारे अनित्य असले तरी कृतीची साखळी तुटत नाही. दुकानाबद्दलची हळहळ या विचाराने कमी होईल, बाकी नाही.

वैदिक परंपरेचा भर निराळा आहे. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली या तपस्व्याला धर्म शिकायला वाराणसीच्या तुलाधार नावाच्या दुकानदाराकडे जावे लागते. तराजू सर्वांना सारखा, एवढेच त्याच्या तपाचे स्वरूप. मात्र दुकान मोडल्यावर तुलाधाराने काय करावे, हे तिथे येत नाही. ते धर्मशास्त्रात शोधावे लागते. मनूच्या अठरा व्यवहारपदांत ऋणादान पहिले आहे, आणि बापाचे ऋण मुलावर येते. सावकाराला दामदुपटीची मर्यादा आहे, व्याज मुद्दलापेक्षा वाढू नये. पण एकूण विचार ऋण फिटावे कसे याचा आहे. येणेकऱ्याने ते सोडून द्यावे का, या प्रश्नाचे ठळक उत्तर इंद्रायणीकाठी मिळते.

लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावलेली इंद्रायणी कामशेतवरून पुढे देहूला जाते. तिथे संत तुकोबांचे वडील बोल्होबा यांच्या घरी पेठेची महाजनकी, दुकान आणि सावकारी होती. थोरला सावजी विरक्त झाल्याने कारभार तरुणपणीच तुकोबांवर आला. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात दुकान बसले, दिवाळे निघाले, पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. या आपत्तीची कबुली तुकोबांच्या आत्मचरित्रपर अभंगांत आहे. पुढचा प्रसंग परंपरेने सांगितला आहे: तुकोबांनी घरातली कर्जखते इंद्रायणीत बुडवायला काढली, धाकट्या कान्होबाने हरकत घेतली, तेव्हा निम्मी खते त्याला वाटून दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी नदीत टाकली. बुडवलेली गाथा तेरा दिवसांनी तरल्याचे कीर्तनकार रंगवून सांगतात. खते मात्र बुडाली ती बुडालीच, आणि ती वर यावीत अशी कोणाची इच्छाही नव्हती.

या कथेतला वाटणीचा तपशील सहसा घाईत उरकला जातो, पण धर्मदृष्ट्या तोच महत्त्वाचा. सगळी खते टाकली असती तर ते दुसऱ्याच्या हक्कावर केलेले औदार्य ठरले असते. वैराग्य आपल्या हिश्श्यापुरते आहे. आणि तेही फुकट पडले नाही: संसाराचा भार दुसऱ्या पत्नी जिजाबाईंवर आला. चरित्रकारांनी त्यांना कजाग ठरवून हा खर्च झाकला, हे न्यायाचे झाले नाही.

यावरून बंद होणाऱ्या दुकानाच्या वहीची दोन पाने वेगळी करावी लागतात. गिऱ्हाइकाची उधारी दुकानदाराची स्वतःची आहे, ती तो सोडू शकतो. भागीदाराच्या वाट्याची नाही. घाऊक व्यापाऱ्याचे देणे तर त्याचे नव्हेच. ते नदीत टाकले तर त्याला त्याग म्हणता येत नाही, ती बुडवणूक झाली.

कायद्याचा मार्ग याहून कोरडा आहे. १९६३च्या मुदत कायद्याने साध्या उधारीचा दावा सर्वसाधारणपणे ३ वर्षांत लावावा लागतो. बापाचे कर्ज फेडण्याचे मुलावरचे धार्मिक बंधनही हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरते न्यायालयात संपले आहे.