परत आलेला गणपती

गणपती परत येतो, हे आमच्या सासऱ्यांना सांगितलं असतं तर त्यांना कळलंच नसतं. पेणच्या कारखान्यात गिऱ्हाईक आषाढ-श्रावणात आपला पाट घेऊन यायचं. पाटाच्या मागे खडूनं नाव लिहिलेलं असायचं, पुष्कळदा वारलेल्या आजोबांचंच. मूर्ती त्या पाटावर बसायची आणि तोंडावर रुमाल घालून घरी जायची. पाट दिला की ठरलं. नेताना हात निखळला तर दुसरी मूर्ती द्यायची, त्यात वाद नसे. घरात सुतक आलं तर शेजारचं कोणीतरी येऊन सांगायचं, "यंदा त्यांचा नाही." मग पाट भिंतीला टेकून उभा राहायचा, आणि पैशाचा विषय कोणी काढायचं नाही.

आता पाट घेऊन येणारी घरं कमी झाली. मुलं मुंबईला, पुण्याला, बंगळुरूला गेली. म्हणून आम्ही शाडूच्या लहान मूर्ती ऑनलाइन बाजारात विकायला लागलो. माती भावनगरकडची, साचे घरचे, डोळ्यांची आखणी हे स्वतः करतात, आणि खोके भरायचं काम माझं. सोंड आणि वरचे दोन हात ही नाजूक ठिकाणं, तिथे आधी कापूस, मग बबल रॅप. शाडू प्लास्टरपेक्षा जड आणि ठिसूळ, त्यामुळे कुरिअरचं वजनही वाढतं आणि धोकाही.

भाद्रपद संपला की परतीची खोकी येऊ लागतात. त्यांचे प्रकार आहेत. काही दारातूनच नाकारलेली असतात, कॅश ऑन डिलिव्हरीवाली. त्या लोकांवर माझा राग नाही. त्या घरात सुतक आलं असेल. पूर्वी ते कोणीतरी येऊन सांगायचं, आता गिऱ्हाइकाचा नंबरच आम्हाला दिसत नाही. येणं-जाणं दोन्हींचं भाडं आमच्या अंगावर पडतं, पण सुतकात गणपती न घेणारा माणूस चुकला असं मी कसं म्हणू? काही मूर्ती वाटेत फुटलेल्या असतात. त्या आम्ही घ्यायलाच हव्यात. ई-कॉमर्सचे 2020 चे नियमही सांगतात की सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेत्यानं नकार देऊ नये, आणि नियम नसता तरी आमच्या घरची रीत तीच होती. काही चतुर्थी उलटून गेल्यावर पोहोचतात आणि तशाच माघारी येतात. ज्याच्या घरी त्या दिवशी चौरंग रिकामा राहिला त्याचं दुःख आमच्या नुकसानापेक्षा मोठं.

माझा प्रश्न चौथ्या प्रकारच्या खोक्याचा आहे. परतीचं कारण लिहिलेलं असतं, 'वस्तू सदोष'. मी नेहमीप्रमाणे मोबाइल लावून, व्हिडिओ चालू ठेवून खोकं फोडते, नाहीतर बाजारवाल्यांकडून क्लेम मिळत नाही. सोंड शाबूत, हात शाबूत, मुकुटाचा सोनेरी रंग तसाच. कपाळावर मात्र हळदकुंकवाचं बोट. सोंडेच्या वळणात सुकून काळी पडलेली दूर्वेची काडी. पोटाशी, मांडीच्या खोबणीत, दोन-तीन अक्षता चिकटलेल्या. आणि उजव्या डोळ्याच्या कडेला, ह्यांनी ओढलेल्या काळ्या रेघेवर, तुपाचा तेलकट डाग.

त्या डागापाशी माझा हात थांबला. प्राणप्रतिष्ठेत दूर्वेनं डोळ्यांना तूप लावतात. म्हणजे कोणीतरी नीट, विधिवत पूजा केली होती. पार्थिव मूर्तीचं शास्त्र साधं आहे आणि आम्हा कारखानेवाल्यांना ते पाठ असतं. प्राणप्रतिष्ठेआधी ती माती. तडा गेला तर दुसरी आणा, दोष नाही. उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागची किंचित हलवली की देव गेले, पुन्हा माती. मधल्या काळात तो देव. पण उत्तरपूजा झाली की नाही हे खोक्यावर कुठे लिहिलेलं असतं? झाली नसेल तर भिवंडीच्या गोदामात, बारकोड लागून, चपला-मिक्सरांच्या ढिगात कोण पडलं होतं?

मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, शास्त्र भावावर चालतं. ज्यांना देव परत पाठवावासा वाटला, त्यांच्या घरी तो बसलाच नाही असं समजा." उत्तर सोपं होतं, पण मला पटलं नाही. पाठवणारा एक असेल आणि पूजेला बसणारी दुसरी. घरातल्या म्हाताऱ्या बाईनं डोळे मिटून आरती म्हटली असेल, आणि मोबाइलवर परतीचं बटण मुलानं दाबलं असेल. त्याच्या हिशेबानं तिची पूजा खोटी ठरते का? मला तसं वाटत नाही. वाहिलेलं फूल मागे घेता येत नाही, मग वाहणाऱ्यानं नंतर काहीही करो.

आमचे दीर वारकरी. ते विसोबा खेचरांची गोष्ट सांगतात. पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबांना नामदेवांनी हटकलं, तेव्हा ते म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथे पिंड. देव सगळीकडे आहे, तर ह्या एका मातीचा एवढा विचार कशाला, असं भावजींचं म्हणणं. पण मला ती गोष्ट उलटी दिसते. देव नसलेली जागाच नसेल, तर आपला निष्काळजीपणा खपेल अशीही जागा उरत नाही. गोदामही नाही आणि माझं टेबलही नाही.

बाजाराला हे सांगता येत नाही. क्लेमच्या यादीत 'वापरलेली वस्तू' असं कारण आहे. ते निवडलं की पैसे मिळण्याची शक्यता असते. मी ते निवडत नाही. देव वापरला, असं माझ्या हातानं लिहिणं मला जमत नाही. ह्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते पैसे हक्काचे आहेत आणि शब्द बाजाराचा आहे, त्यात देवाचा अपमान नाही. त्यांचंही खरं असेल. रंगाचे, मजुरीचे पैसे मलाही लागतात.

कुंकू पुसून, रंगाचा नवा हात देऊन ती मूर्ती पुढच्या वर्षी विकता येते, आणि काही ठिकाणी विकतातही. आमच्याकडे ते होणार नाही, ह्यावर आम्हा दोघांचं एकमत आहे. जिथे कुंकवाचा कणही दिसला, तिथे गुरुजींना बोलावून उत्तरपूजा करून घेतो. आधी झाली असेल तर दुसऱ्यांदा होईल, त्यानं काही बिघडत नाही. मग अंगणातल्या टाकीत विसर्जन. शाडू विरघळायला रात्र लागते, कधी दोन.

खाली बसलेल्या गाळाचं काय करायचं, ह्यावर मी पुष्कळ विचार केला. पुण्यात 'पुनरावर्तन' मोहिमेत विसर्जनाची शाडू गोळा करून पुन्हा मूर्तिकारांना देतात, हे कळल्यावर धीर आला. आम्हीही ती माती गाळून, वाळवून नव्या मालात मिसळतो. विकत घेणाऱ्याला ते सांगतो, लपवत नाही. कोणी नको म्हटलं तर त्याला नव्या मातीची मूर्ती देतो.

यंदापासून प्रत्येक खोक्यात मराठीत आणि हिंदीत एक चिठ्ठी असते. मूर्ती फुटलेली निघाली तर फोटो पाठवा, दुसरी पाठवू. पूजा झाल्यावर काही खटकलं असेल तर पैसे मागा, आम्ही आमच्या खिशातून देऊ, पण मूर्ती परत पाठवू नका. उत्तरपूजा करून घरीच बादलीत विसर्जन करा. खाली आमचा फोन नंबर. बाजारवाल्यांच्या नियमात असा नंबर देणं बसत नाही म्हणून आम्हाला एकदा इशाराही आला आहे. नंबर मी काढलेला नाही.