कल्पित रस आणि रसनाजय

मुखात काही न घेता जिभेवर गोड, आंबट, तिखट रस मनाने उभा करावयाचा व त्या अभ्यासाने सिद्धी मिळवावयाची, असा एक मार्ग मंत्रतंत्राच्या साधनेत सांगितला जातो. योगशास्त्रालाही तो अपरिचित नाही. व्यासभाष्याप्रमाणे जिह्वाग्री चित्त धरल्याने दिव्य रसाची जाणीव होते. परंतु तिचे प्रयोजन मन स्थिर होणे एवढेच. पतंजलींनी तर तिसऱ्या पादात असा आस्वाद समाधीला उपसर्ग ठरविला आहे.

कल्पित रस येतो कोठून? पूर्वी चाखल्याच्या स्मृतीतून. ठाण्याच्या मामलेदार मिसळीचे नाव निघताच डोंबिवलीच्या गाडीत उभ्या असलेल्याच्या तोंडाला पाणी सुटते. ज्याने कोणतीही मिसळ कधी खाल्ली नाही, त्याच्या नव्हे. म्हणजे या अभ्यासाने नवे ज्ञान होत नाही. जुना संस्कार तेवढा दृढ होतो.

कोणी वासनिक म्हणेल, ‘पदार्थ सोडला, नुसता आठवला, तर दोष कोणता?’ आठवण आपोआप येते, तो दोष नव्हे. तिला आसन देऊन बसविणे हा दोष. कर्मेंद्रिये आवरून मनाने विषय चिंतणाऱ्यास गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मिथ्याचारी म्हटले आहे. निराहाऱ्याचे विषय सुटले तरी रस उरतो, हे दुसऱ्या अध्यायातील वचन. त्या उरलेल्या रसालाच कल्पनेने पोसले, तर त्याग कशाचा झाला?

सिद्धी हे देवतांचे फळ, म्हणून नाशिवंत. मोक्षदाता एक परमेश्वरच. यास्तव साधकाने हीच कल्पनाशक्ती नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांच्या स्मरणी लावावी. भिक्षान्नाची चव मग आपोआप गौण होते.