बोटात रुतलेली अंगठी



शमुवेल संदेष्टा इशायच्या घरी राजा निवडायला गेला, तेव्हा धिप्पाड अलीयाबला पाहून त्याला वाटले, हाच तो. पण देवाने त्याला बजावले, की उंचीवर जाऊ नकोस. निवड झाली ती धाकट्या दाविदाची.

आपल्या सातारा-सांगलीच्या तालमींच्या मातीत मोठ्या देहाचे कौतुक फार. तरीही १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ५७ किलोच्या गटातले होते.

आणि कधी कधी वाढलेला देह हे बळ नसून आजार असतो. त्याचे नाव ॲक्रोमेगॅली. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यावर गाठ आली की वाढीचे संप्रेरक जादा सुटते. ही गाठ सहसा कर्करोगाची नसते. लहानपणी आली तर उंची बेसुमार वाढते. मोठेपणी हात, पाय, जबडा, नाक वाढते. डोकेदुखी, घाम, घोरणे, मधुमेह, रक्तदाब मागे लागतात. उपचार न झाल्यास आयुष्य घटते. कुस्तीपटू 'द ग्रेट खली' यांच्या अशाच गाठीवर २०१२ साली अमेरिकेत शस्त्रक्रिया झाली.

दहा लाख लोकांमागे वर्षाला तीन-चार नवे रुग्ण, असा जगभरचा अंदाज आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या ५८ लाखांवर होती. म्हणजे दरवर्षी वीसेक घरे. बदल इतका सावकाश होतो, की घरच्यांना कळत नाही आणि निदानाला वर्षे लागतात. तोवर आपण काय करतो? त्या माणसाला टोपणनाव ठेवतो, मागून हसतो. हे आपले पाप आहे.

या आठवड्यात आपण लग्नाचा अल्बम उघडू या. चेहरा फार बदलला आहे का? वेदीसमोर घातलेली अंगठी बोटात रुतली आहे का? चपलेचा नंबर वाढला, दातांत फटी पडल्या? प्रत्येक वेळी हाच आजार असेल असे नाही. पण जुना फोटो घेऊन डॉक्टरांकडे जाऊ या. रक्ततपासणी आणि एमआरआयने निदान होते. गाठ बहुधा नाकावाटे काढतात. औषधे आणि किरणोपचारही आहेत.

प्रभू येशू शब्दानेही कुष्ठरोग्याला बरे करू शकला असता. तरी त्याने हात पुढे करून स्पर्श केला. ज्याच्याकडे लोक टक लावून पाहतात, त्याच्या शेजारी बाकावर बसण्याची कृपा प्रभू आपल्याला देवो. आमेन.