रबराचं झाड

पंचवीस वर्षांमागे डोंगरातलं माझं सहा एकर रान मी लाकूडवाल्याला दिलं. थोरल्याचं ऑपरेशन होतं, पैसे दुसरीकडून उभे राहत नव्हते. ऐन, किंजळ, जांभूळ, रातांबे, सगळं पडलं. आवशीनं एवढंच विचारलं, "झाडां गेली, आता पानी खंयसून येतला?" मी हसण्यावारी नेलं. पोरगा वाचला. तिसऱ्या वर्षी व्हाळ शिमग्याआधीच आटला, खालच्या पोफळी वाळू लागल्या. मोकळ्या जागेत मी रबर लावलं.

पुढे रबराची गोष्ट वाचनात आली. झाड मूळचं ॲमेझॉनच्या रानातलं. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजानं तिथून सत्तर हजारांच्या आसपास बिया इंग्लंडला नेल्या. त्यातून आशियातले मळे उभे राहिले. तिकडे ब्राझीलच्या आक्रे प्रांतात मात्र माणसं रानातल्याच विखुरलेल्या झाडांचा चीक काढून पोट भरत. गुरांच्या कुरणांसाठी रान तोडायला कोणी आलं, की बायकापोरांसकट ती आडवी उभी राहत. त्यांचा पुढारी शिको मेंडिस. २२ डिसेंबर १९८८ ला त्याला राहत्या घरी गोळी घातली. १९९० मध्ये सरकारनं त्याच्या नावानं नऊ लाख हेक्टरांहून जास्त रान राखलं. रान टिकवायचं आणि तिथल्या माणसांनी त्यावरच जगायचं, असं ठरलं. पण चिकाला भाव नसला की तिथेही गुरं वाढतात आणि रान मागं सरतं.

झाड एकच. तिथं ते रान राखायला कारण झालं, इथं मी रान पाडून त्याला जागा केली. यात झाडाचा काय दोष?

पोराच्या जिवापेक्षा रान मोठं, असं मी आजही म्हणणार नाही. पण अडीनडीला रानवाल्याच्या हाताशी कुऱ्हाडच येत असेल, तर त्याला नुसतं झाडं वाचवा सांगून काय उपयोग? रातांब्याला, हिरड्याला, मधाला घर चालेल एवढा भाव मिळाला, तर उभं झाड पडलेल्या झाडापेक्षा महाग ठरतं. मग कुऱ्हाड उचलताना हात थांबतो.

औंदा दोन एकरातलं रबर काढून रातांबे आणि जांभळं लावलीत. व्हाळ अजून लवकरच आटतो. आवस आता नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे बाकी आहे.