नकाराचं सौजन्य

तारापूर-बोईसर पट्ट्यात नोकरी म्हटलं की दोन पिढ्यांच्या डोळ्यांसमोर एमआयडीसीचं गेट उभं राहायचं, नाहीतर १९६९ साली सुरू झालेलं अणुऊर्जा केंद्र. एप्रिल २०१३मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली. त्याच महिन्यात तिकडे खोपोलीजवळ इमॅजिका हे थीम पार्क सुरू झालं. गोराईला एस्सेलवर्ल्ड तर १९८९पासूनच होतं. या दहा-बारा वर्षांत आपल्याकडची पोरंपोरी मॉल, हॉटेल, विमानतळ, वॉटर पार्क अशा ठिकाणी लागली. तिथे माल बनत नाही. आलेला माणूस खूश होऊन परत गेला पाहिजे, हेच तिथलं उत्पादन. घरी वाडवळी बोलणारा मुलगा तिथे ‘सर, प्लीज, दोन मिनिट’ असं घोटून घेतलेलं बोलतो. मला ते खोटं वाटत नाही. ते शिकून कमावलेलं कसब आहे, आणि त्याचा विचार कसब म्हणूनच व्हायला हवा.

या कसबाचं शास्त्र रचलं डिस्नेने. १७ जुलै १९५५ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, तेव्हा व्हॅन फ्रान्स या प्रशिक्षकाने नोकरांसाठी नवी भाषा रुजवली. कर्मचारी म्हणायचं नाही, कास्ट मेंबर म्हणायचं. गिऱ्हाईक म्हणजे गेस्ट, गणवेश म्हणजे कॉस्च्युम. पाहुण्यांच्या नजरेतली जागा ऑनस्टेज, बाकी सगळी बॅकस्टेज. तिथला एक प्रश्न प्रसिद्ध आहे: ‘तीनची परेड किती वाजता?’ यावर हसायचं नाही, असं शिकवलं जातं. कारण विचारणाऱ्याला तीन कधी वाजतात ते नको असतं. आपण उभे आहोत तिथे परेड कधी पोहोचेल, हे हवं असतं. बोललेल्या शब्दांमागची गरज ऐकणं ही मोठी गोष्ट आहे. आपल्या सरकारी खिडक्यांवर ती शिकवली गेली, तर किती हेलपाटे वाचतील!

पण या हसण्याची किंमत कोणीतरी मोजतं. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३मध्ये ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकात हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास मांडला. मनात राग, थकवा काहीही असो, चेहऱ्यावर नेमून दिलेली भावना आणायची, हेही श्रमच आहेत, असं त्यांनी दाखवून दिलं. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याला हेल्मेट, हातमोजे, सेफ्टी शूज मिळायलाच हवेत, हे आता कोणाला पटवावं लागत नाही. दिवसभर हसणाऱ्याला कोणतं संरक्षण मिळतं?

याचं उत्तर मला डिस्नेच्याच नियमांच्या क्रमात दिसतं. त्यांची जुनी चार सूत्रं अशी: सुरक्षितता, सौजन्य, शो, कार्यक्षमता. हा क्रम मुद्दाम लावलेला आहे. पाहुण्याचा जीव धोक्यात असेल, तर सौजन्य मागे सारायचं, शोसुद्धा थांबवायचा. आपण मात्र यातलं सौजन्य तेवढं उचललं आणि त्याच्या आधीची पायरी गाळली.

कोणत्याही वॉटर पार्कात सुट्टीच्या दिवशी पाहा. नायलॉनचा कॉस्च्युम सक्तीचा असतो, आणि त्यावरून दारातच हुज्जत सुरू होते. सुती कपड्याचे धागे फिल्टरमध्ये जातात. मोकळी ओढणी घसरगुंडीवर कुठे अडकली, तर गळ्याला फास बसू शकतो. पुढे राइडपाशी उंचीची पट्टी. मूल चार बोटं कमी भरतं. ऑपरेटर म्हणतो, ‘सर, नाही सोडता येणार.’ वडील चढ्या आवाजात म्हणतात, ‘पैसे भरलेत आम्ही! मॅनेजरला बोलाव.’ राइडचा सेफ्टी बार मोठ्या अंगाच्या मापाने बसतो आणि लहान अंग त्याखालून निसटू शकतं, एवढं समजावून सांगायलाही त्या पोराला वेळ मिळत नाही. मॅनेजर येतो, पाहुण्याची माफी मागतो आणि ऑपरेटरला सगळ्यांदेखत झापतो. त्या मुलाने पुढच्या वेळी पट्टीकडे काणाडोळा केला, तर दोष त्याला कसा द्यायचा?

तारापूरकरांना हा प्रश्न परका नाही. रासायनिक कारखान्यात वेल्डिंगआधी हॉट वर्क परमिट लागतं. आसपास ज्वलनशील वायू नाही ना हे तपासून सही झाल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही, मग साहेब कितीही घाईत असोत. पद्धत चांगली आहे. ती कागदावरच राहिली तर काय होतं, ते या वसाहतीने स्फोटांच्या आवाजात ऐकलं आहे. जे कारखान्यातल्या सहीला लागू, तेच राइडच्या दारात उभ्या असलेल्या विशीतल्या मुलाच्या ‘नाही’ला लागू व्हावं, असं मी म्हणतो.

मे २०२४मध्ये डिस्नेलँडच्या परेडमध्ये नाचणाऱ्या आणि पात्रं वठवणाऱ्या लोकांनी नटांच्या अ‍ॅक्टर्स इक्विटी या संघटनेत जाण्यासाठी मतदान केलं. बाजूने ९५३ मतं पडली, विरोधात २५८. इतकी वर्षं कंपनी त्यांना नटमंडळी म्हणत आली. त्यांनी तो शब्द मनापासून खरा मानला आणि नटांचे हक्क मागितले. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे मोसमापुरत्या, ठेकेदारामार्फत लागलेल्या पोरांना एवढं एकत्र येणं सोपं नाही. तोवर मालकांनी एक तरी करावं: सुरक्षिततेच्या कारणाने ऑपरेटरने दिलेला नकार अंतिम, असं तिकीट खिडकीवर ठळक मराठीत लिहावं, आणि वाद झालाच तर मॅनेजरने येऊन त्या मुलाच्या बाजूला उभं राहावं.