देणगीखातं आणि खरेदीखातं

१९९० साली ब्रिटनमधल्या ‘बी अँड क्यू’ या घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानसाखळीला एका पत्रकाराने साधा प्रश्न विचारला: तुमच्याकडे उष्ण कटिबंधातल्या जंगलांतलं लाकूड किती? कंपनीला उत्तर देता आलं नाही. दारं, चौकटी, फळ्या, ब्रशांचे दांडे असं लाकूड दुकानभर होतं, पण ते कुठल्या जंगलातून आलं याची नोंद कोणी ठेवलीच नव्हती. उद्योग आणि पर्यावरण संस्था यांच्या भागीदारीची गोष्ट मी या प्रश्नापासून धरतो. जंगलाचा विषय इथे प्रसिद्धी विभागातून उठून खरेदी विभागाच्या टेबलावर आला.

त्याआधीचं दशक बहिष्काराचं होतं. महोगनी विकणाऱ्या दुकानांसमोर निदर्शनं होत, ‘हे लाकूड घेऊ नका’ असं गिऱ्हाइकांना सांगितलं जाई. बहिष्काराची नैतिक बाजू भक्कम होती, हिशेब मात्र कच्चा होता. उष्ण कटिबंधातलं जंगल लाकडापेक्षाही कुरणांसाठी आणि शेतीसाठी जास्त तुटतं. लाकडाला भावच उरला नाही, तर मालक जंगल राखत बसेल की पेटवून तिथे गुरं सोडेल? हा पेच आंदोलन करणाऱ्यांपैकीच काहींनी ओळखला आणि मागणी बदलली: लाकूड घ्या, पण नीट राखलेल्या जंगलातलं घ्या. १९९१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने काही ब्रिटिश कंपन्यांचा गट उभा केला. १९९५ पर्यंत आपलं लाकूड अशाच जंगलांतून घ्यायचं, असं त्यांनी मान्य केलं. त्यात बी अँड क्यूही होती.

पण ‘नीट राखलेलं’ म्हणजे काय, हे ठरवायचं कोणी? १९९२ च्या रिओ परिषदेत सरकारांना जंगलांबाबत बंधनकारक करार करता आला नाही. हाती आली ती फक्त तत्त्वांची यादी. मग पुढच्याच वर्षी टोरांटोत संस्था, व्यापारी आणि वनवासींचे प्रतिनिधी जमले आणि ‘फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल’, म्हणजे एफएससी, स्थापन झाली. तिचं मला सगळ्यात आवडतं ते मतदान. सदस्यांची तीन दालनं: आर्थिक, सामाजिक, पर्यावरणीय. तिघांचं वजन सारखं आणि प्रत्येक दालनात श्रीमंत उत्तरेला आणि गरीब दक्षिणेला अर्धी अर्धी मतं. म्हणजे लाकूड कंपन्या कितीही पैसेवाल्या असल्या, तरी त्यांचं वजन एक तृतीयांशच. सरकारांना न जमलेली वाटणी इथे निदान कागदावर तरी जमली.

व्यवहारात मात्र गाडी घसरली. जंगलाची तपासणी करणाऱ्याला पैसे देतो तो ज्याची तपासणी व्हायची तोच. परीक्षकाची फी परीक्षार्थीच्या खिशातून. १९९९ मध्ये युरोपातल्या वनमालकांनी स्वतःची वेगळी प्रमाणपत्र योजना काढली. उष्ण कटिबंधाच्या काळजीतून जन्मलेला एफएससीचा शिक्का शेवटी जास्त करून थंड प्रदेशांतल्या जंगलांवर बसला. साहजिकच आहे, तिथे कागदपत्रं आधीपासून जागेवर होती. २०१८ मध्ये ग्रीनपीस इंटरनॅशनलने एफएससीचं सदस्यत्व सोडलं. मला हे सोडून जाणं अपयशाचं लक्षण वाटत नाही. ज्या भागीदाराला उठून जाता येतं, त्याच्या बसण्याला किंमत असते. १९९० मध्ये मॅकडोनाल्ड्सबरोबर कचरा कमी करण्याचं काम हाती घेताना अमेरिकेतल्या एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंडाने कंपनीकडून एक पैसाही घेतला नव्हता. त्यांची माणसं रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात एक दिवस राबली आणि त्याच वर्षी बर्गरची फोमची खोकी बंद करायचं ठरलं.

आपल्याकडे ही कल्पना उलट्या बाजूने आली. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चायला सांगितलं. पैसा आला, आणि संस्था ‘अंमलबजावणी यंत्रणा’ झाल्या, सरळ बोलायचं तर ठेकेदार. पावसाळ्यात खड्डे, रोपं, टी-शर्ट, फोटो. मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र. या व्यवहारात कंपनीला कोणीच विचारत नाही की तुमचा कागद कुठून येतो, खोकी कुठल्या लाकडाची, पाम तेल कोणाचं. देणगीखात्यातून झाडं लागतात आणि खरेदीखातं तसंच चालू राहतं.

म्हणून सह्याद्रीतलं एक लहान काम मला मोठं वाटतं. संगमेश्वर भागातली कितीतरी जंगलं खासगी मालकीची आहेत आणि ठरावीक वर्षांनी ती सरपणा-कोळशासाठी तोडली जातात. त्यात बेहड्याची जुनी झाडंही जातात. धनेशाची मादी अशाच झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. फटीतून चोच तेवढी बाहेर, आणि नर तिला फळं भरवत राहतो. ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं आणि म्हाताऱ्या झाडाला बाजारात कोळशाचाच भाव. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने इथे फळाला गिऱ्हाईक आणलं: ब्रिस्टलची ‘पुक्का हर्ब्ज’ ही कंपनी, जिला त्रिफळ्यासाठी बेहडा आणि हिरडा हवा होता. फेअरवाइल्ड या मानकाचे नियम लागले: फांदी तोडायची नाही, काही फळं पाखरांसाठी आणि रुजायला सोडायची, गोळा करणाऱ्याला रास्त दाम. भीमाशंकरकडे महादेव कोळी कुटुंबं वर्षानुवर्षं कोवळा बाळहिरडा उतरवून व्यापारी देईल त्या भावाला विकत आली. त्रिफळ्याला पिकलेलं फळ लागतं, म्हणजे थांबायचं. थांबणं परवडायला हवं, आणि ते परवडतं गिऱ्हाइकाचा भरवसा असेल तरच.

इथेच माझी शंका आहे. २०१७ मध्ये पुक्का युनिलिव्हरने घेतली. २०२२ मध्ये युनिलिव्हरने आपला चहाचा बहुतेक धंदा विकला, त्यात पुक्काही गेली. पाच वर्षांत दोनदा मालक बदलला. नव्या मालकाच्या खरेदी विभागाने उद्या स्वस्त बेहडा शोधला, तर संगमेश्वरचा जंगलमालक पुन्हा कोळसेवाल्याला फोन लावेल. दुसरं, तिसरं गिऱ्हाईक शोधून ठेवणं हे अशा संस्थांचं पुढचं काम आहे, आणि त्रिफळा चूर्ण विकणारे कारखाने तर इथे महाराष्ट्रातच आहेत. बेहडा कुठल्या झाडाचा, हे त्यांना अजून कोणी विचारलेलं नाही.