जाळीतले भोक आणि अभाव

पनवेलमधल्या एखाद्या घरातल्या देव्हाऱ्याच्या जाळीत वेलपत्ती उमटते, ती लाकूड काढून टाकलेल्या जागेमुळे. ही मोकळी जागा स्वतंत्र वस्तू मानावी का, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे.

आधी ती जागा कशी तयार होते ते पाहू. स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पात्याच्या यांत्रिक करवतीवर, जाळीचा आतला छेद घेताना कडेकडून वाट काढता येत नाही. तसे केल्यास चौकटच तुटते. म्हणून टाकाऊ भागात आधी ड्रिलने छिद्र पाडतात, पात्याचे एक टोक सोडवून ते छिद्रातून ओवतात, पुन्हा पकडीत कसून ताण देतात आणि मगच रेषेवर येतात. पात्याचे दात खाली वळलेले असावेत. नवशिक्याचा हात फळी बाजूला रेटतो, तिथेच पाते वाकते किंवा तुटते.

छेद पुरा झाल्यावर तुकडा हातात येतो. मग नष्ट काय झाले? वैशेषिक दार्शनिकांच्या मते विभागाने, म्हणजे भाग वेगळे झाल्याने, अवयवांचा संयोग नष्ट होतो; म्हणून जुनी अखंड फळीच संपते आणि उरलेल्या भागांतून नवी फळी उत्पन्न होते. हे विलक्षण धाडसी उत्तर आहे. आणि भोक? ते म्हणजे लाकूड नसणे, लाकडाचा अभाव. वैशेषिकांच्या उत्तरकालीन परंपरेने अभावाला सातवा पदार्थ, म्हणजे वास्तवाचा स्वतंत्र प्रकार, मानले. प्राभाकर मीमांसकांना ते मान्य नाही: त्यांच्या लेखी अभाव म्हणजे केवळ त्याचे अधिष्ठान, ती रिकामी जागाच, वेगळे काही नाही. अद्वैती घटाकाशाचा, म्हणजे घड्यातल्या आकाशाचा, दाखला देतात; तो जाळीला लावला तर आकाश आधीही होते, चौकटीने त्याला फक्त आकार दिला. जाळीपुरते हे मत अधिक पटते, कारण भोकाची नक्षी सर्वस्वी कडेच्या लाकडावर अवलंबून असते.